शिकता शिकता कमावलेला रुपया

दिवाळी नुकतीच झाली होती. मी वाचनालय बंद करून निघालो, तर पायरीवर आमच्या गल्लीतली एक मुलगी आणि तिचे अब्बा बसलेले. मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अब्बा रिक्षा चालवतात, अम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करून देतात. मुलीच्या हातात पुण्याच्या एका कंपनीचं पत्र होतं. जानेवारी ते जून अशी सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि महिन्याला दहा हजार रुपये. असं पत्र आलं की घरात पेढे वाटतात. या दोघांचे चेहरे मात्र उतरलेले होते.

"चाचा, हे पैसे घेतले तर माझी फी माफी जाईल का?" मुलीनं विचारलं.

तिच्या अब्बांनी पुढचं बोलून टाकलं. "भाईजान, मी म्हणतो नकोच म्हणून कळवू. साठ हजार येतील आणि वर्षाची फी डोक्यावर बसेल. उद्या दाखला खोटा आहे म्हणून कुणी धरलं, तर मी कुठं धावू?"

मंडळी, मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बीएपर्यंत. समाजकल्याण खात्याचा अधिकारी नाही की वकील नाही. पण गावातलं वाचनालय सांभाळतो, त्यामुळे जून उजाडला की पुस्तकांपेक्षा अर्ज घेऊन येणारी मुलंच जास्त भेटतात. शिष्यवृत्तीचे नियम वाचायची सवय मला त्यातून लागली. आणि खरं सांगायचं, तर त्याआधी एकदा ते न वाचल्याची किंमत मी स्वतः मोजली होती.

ते साल १९८८. मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. आमचे वडील पिंजारी. गावोगाव जाऊन कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या. लग्नसराईत हाताला काम आणि पावसाळ्यात हात रिकामे. मी कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेत नाव घातलं होतं. सकाळी बागेला पाणी घालायचं, दुपारनंतर ग्रंथालयात पुस्तकं लावायची. तासावर पैसे मिळत. त्याच सुमारास ईबीसीचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठीच्या फी सवलतीचा अर्ज भरायचा होता. १९६०च्या सुमारास यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री होते. त्या काळात या सवलतीनं महाराष्ट्रातल्या गरीब घरांसाठी कॉलेजचं दार उघडलं. आमच्यासारख्यांची पोरं त्याच दारातून आत गेली.

मी खिडकीशी अर्ज दिला. आतल्या कारकुनानं विचारलं, "काम करतोस ना रे? कमावतोस की! मग सवलत कशाला?" त्यांनी अर्ज परत सरकवला आणि मी तो मुकाट घेतला. घाबरलो होतो. त्या वर्षीची फी मी 'कमवा आणि शिका'च्या पैशांतून भरली. एका खिडकीतून घेतलेले पैसे चार पावलं चालून दुसऱ्या खिडकीत दिले. दुसऱ्या वर्षी मराठीच्या सरांना हे कळलं. त्यांनी मला हाताला धरून नेलं, अर्ज भरायला लावला आणि सवलत मिळाली. पहिल्या वर्षीची फी काही परत आली नाही. त्या कारकुनांनी मला कुठला नियम दाखवला नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

म्हणून त्या संध्याकाळी मी वाचनालय पुन्हा उघडलं, दिवा लावला आणि तिच्या अब्बांना म्हटलं, "नाही म्हणून कळवायच्या आधी तीन प्रश्न विचारू. उत्पन्न कुणाचं धरतात? हातात येणाऱ्या पैशाला कागदावर काय म्हटलंय? आणि तो पैसा कुठल्या वर्षात पडतो?"

हेच तीन प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो. कारण ही भीती एका घरातली नाही. कुणी संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभं राहतं, कुणी पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतं, कुणी लग्नाच्या हॉलमध्ये वाढायला जातं, कुणी लहान मुलांच्या शिकवण्या घेतं. यांतले निम्मे जण शिष्यवृत्ती जाईल म्हणून काम लपवतात आणि काही जण त्याच भीतीनं चांगलं काम सोडून देतात.

पहिला प्रश्न, उत्पन्न कुणाचं?

आपण सगळे एकच शब्द वापरतो, 'उत्पन्नाचा दाखला'. सेतू केंद्रात अर्ज करायचा, तलाठ्याचा अहवाल लागतो, नोकरदार असेल तर फॉर्म सोळा, आणि शेवटी तहसीलदारांच्या सहीनं दाखला मिळतो. हा दाखला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा असतो. पण त्या आकड्याचं पुढं काय करायचं, हे ज्या त्या योजनेचा नियम ठरवतो. दाखला म्हणजे पाण्याचा हंडा समजा. कुणाला किती तांबे द्यायचे, ते घरागणिक वेगळं.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घ्या. ही देशातली जुनी योजना, १९४४ साली सुरू झालेली. तिची उत्पन्न मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. तिच्या २०१० सालच्या नियमावलीत एक वाक्य फार स्पष्ट होतं. आई-वडिलांपैकी कुणीही एक हयात असेल, तर फक्त त्यांचंच सर्व मार्गांनी येणारं उत्पन्न धरायचं. घरातले इतर सदस्य कमावत असले, तरी त्यांचं धरायचं नाही. म्हणजे मोठा भाऊ एमआयडीसीत कामाला असला, तरी त्याच्या पगारामुळे धाकटीची शिष्यवृत्ती अडू नये. लग्न झालेल्या आणि नोकरी नसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत नवऱ्याचं उत्पन्न बघायचं. आई-वडील दोघंही नसतील, तर शिक्षणाचा भार उचलणाऱ्या पालकाचं.

त्याच नियमावलीत नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी ओळ होती. त्यांचं स्वतःचं आणि आई-वडिलांचं उत्पन्न मिळून मर्यादेच्या आत असेल, तर ते पात्र. पण त्यांना फक्त सक्तीची, परत न मिळणारी फी भरून मिळेल. निर्वाहभत्ता नाही. बघा, दार बंद केलेलं नाही, अर्धं उघडं ठेवलंय. नोकरी करून शिकणाऱ्याला पोटापुरतं मिळतंय असं धरलं आणि फीचा भार तेवढा उचलला. आमच्या गल्लीतली मुलं मात्र 'नोकरी केली की सगळंच गेलं' एवढंच ऐकून असतात.

याचा हिशेब कसा पडतो, ते उदाहरणानं सांगतो. समजा, एका मुलीचे वडील रखवालदार आहेत आणि त्यांचं वर्षाचं उत्पन्न दोन लाख अडतीस हजार आहे. ती शिकवण्या घेऊन महिन्याला दोन हजार, म्हणजे वर्षाला चोवीस हजार मिळवते. दोन्ही मिळवले तर बेरीज दोन लाख बासष्ट हजार होते आणि अडीच लाखांची रेषा ओलांडली जाते. फक्त वडिलांचं धरलं, तर ती रेषेच्या आत राहते. चोवीस हजारांनी तिचं नशीब फिरतं की नाही, हे ते उत्पन्न 'कुणाचं' या एका शब्दावर आहे. म्हणून मर्यादेजवळच्या घरांनी नियम शब्द न् शब्द वाचला पाहिजे.

आता आमच्या गल्लीतल्या मुलीचं बघू. ती ओबीसी प्रवर्गातली. राज्य सरकारनं २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली. आधी ती निम्मी होती. तिथली कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये. तिच्या अब्बांचं आणि अम्मीचं मिळून दाखल्यावरचं उत्पन्न एक लाख चव्वेचाळीस हजार. त्यात तिचे सगळेच्या सगळे साठ हजार घातले, तरी दोन लाख चार हजार. आठ लाख कुठं आणि दोन लाख कुठं! मी हा आकडा पाटीवर लिहिला, तेव्हा तिचे अब्बा बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. इतके दिवस त्यांना कुणी मर्यादेचा आकडा सांगितलाच नव्हता. 'मर्यादा आहे' एवढंच सांगितलं होतं.

दुसरा प्रश्न, पैशाला कागदावर काय म्हटलंय?

हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण तो शब्दांचा आहे. आमच्या घरी शिष्यवृत्तीला 'वजिफा' म्हणायचे. मराठीत बघा, 'शिष्यवृत्ती'त वृत्ती आहे, म्हणजे शिष्याच्या उपजीविकेची सोय. 'विद्यावेतन'मध्ये वेतन आलं. मग 'मानधन' आहे, 'मेहनताना' आहे, 'मजुरी' आहे आणि 'पगार' आहे. कवितेत मी एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवला, तर फार तर समीक्षक रागावतील. अर्जात ठेवला, तर पैसे अडतात.

शिष्यवृत्ती शिक्षणाच्या खर्चासाठी मिळते, तिच्या बदल्यात काम करावं लागत नाही. विद्यावेतन प्रशिक्षणाच्या काळात मिळतं. तिथं थोडं शिकणं असतं, थोडं काम. पगार हा कामाचा मोबदला. सरकारी योजनांचा सगळ्यात मोठा आक्षेप असतो तो एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या किंवा विद्यावेतनं घेण्याला. मघाच्या नियमावलीतही तेच होतं. दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन मिळालं, तर दोन्हींतलं जे फायद्याचं ते विद्यार्थ्यानं निवडावं आणि संबंधित कार्यालयाला कळवावं. मात्र पुस्तकं, साधनं किंवा राहणं-जेवण यांसाठी राज्य सरकारकडून वा इतर कुठून मदत मिळाली, तर ती शिष्यवृत्तीच्या जोडीनं घेता येईल, असंही तिथं म्हटलं होतं.

इंटर्नशिपबद्दल त्यात थेट वाक्य होतं. एमबीबीएसच्या इंटर्नशिपच्या काळात, किंवा इतर अभ्यासक्रमांतल्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाच्या काळात, विद्यार्थ्याला मोबदला, भत्ता किंवा विद्यावेतन मिळत असेल, तर त्या काळाची शिष्यवृत्ती दिली जाणार नाही. यातला 'त्या काळाची' हा भाग नीट वाचा. आधीची चार वर्षं पुसली जात नाहीत, पैसे परत मागितले जात नाहीत. ज्या महिन्यांत दुसरीकडून विद्यावेतन येतं, तेवढ्या महिन्यांपुरती ही बाजू थांबते. आणि उलटंही वाचा. बिनपैशाची इंटर्नशिप असेल, तर हे कलम लागू होत नाही. कित्येक ठिकाणी मुलं सहा महिने फुकट राबतात आणि वर शिष्यवृत्तीही मागत नाहीत, कारण 'इंटर्नशिपमध्ये मिळत नाही' असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता बीए, बीकॉमच्या मुलांनाही कार्यप्रशिक्षण आलं आहे. त्याला श्रेयांक असतात. म्हणून कंपनीचं किंवा संस्थेचं पत्र घेताना त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. हे प्रशिक्षण अभ्यासक्रमाचा भाग आहे का, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आहे आणि मिळणाऱ्या रकमेला विद्यावेतन म्हणायचं की मोबदला. त्याची एक प्रत कॉलेजात द्यावी आणि पोच घ्यावी.

काही योजना अशाही आहेत, की तिथं विद्यार्थी असणं हीच अडचण ठरते. २०२४ साली राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. बारावी झालेल्यांना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरलं. त्याच वर्षी केंद्राची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना महिन्याला पाच हजारांनी सुरू झाली. दोन्हींच्या जाहिराती बघून मुलं माझ्याकडे आली. पण सुरू झाल्या तेव्हा पूर्णवेळ शिक्षण चालू असलेल्यांना त्या नव्हत्या. कॉलेजात नाव ठेवून तिथं अर्ज केला, तर दोन्हीकडे माहिती विसंगत होते आणि मग खरंच अडचण येते. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हे आणखी वेगळं. तिथं करार होतो. २०१९च्या सुधारित नियमांनी पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान नऊ हजार रुपये ठरवून दिले. पदवीतच शिकाऊ उमेदवारी असलेले अभ्यासक्रमही आता निघाले आहेत. त्यांना प्रवेश घेण्याआधीच विचारावं, की या काळात कुठली शिष्यवृत्ती चालू राहील.

तिसरा प्रश्न, पैसा कुठल्या वर्षात पडतो?

आपलं शैक्षणिक वर्ष जूनच्या आसपास सुरू होतं आणि सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. शिष्यवृत्तीच्या अर्जाला साधारणपणे आधी संपलेल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला लागतो. या मुलीनं शेवटच्या वर्षाचा अर्ज ऑगस्टमध्येच भरला होता, मागच्या मार्चपर्यंतच्या उत्पन्नावर. तेव्हा इंटर्नशिप स्वप्नातही नव्हती. तिचे जानेवारी ते मार्चचे तीस हजार एका आर्थिक वर्षात आणि एप्रिल ते जूनचे तीस हजार दुसऱ्या वर्षात. तोवर तिचं शिक्षणच संपत होतं. म्हणजे भरलेल्या अर्जातली माहिती भरली त्या दिवशी खरी होती आणि पुढंही खरीच राहणार होती. तिसऱ्या वर्षाला असती, तर पुढच्या अर्जात तीस हजारांचा विचार करावा लागला असता. दरवर्षी नवा दाखला लागतो की प्रवेशाच्या वेळी एकदाच, हेही योजनेप्रमाणे बदलतं.

आता मिळकतीशी थेट संबंध नसलेल्या, पण काम धरल्यावर हमखास उभ्या राहणाऱ्या तीन अडचणी सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे पैसे उत्पन्नापेक्षा याच कारणांनी जास्त अडलेले मी पाहिले आहेत.

एक, बँकेचं खातं. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. कंपनी किंवा दुकानदार पगारासाठी नव्या बँकेत खातं उघडून देतो, तिथं आधार जोडलं जातं आणि सरकारी पैसा शेवटी जोडलेल्या खात्याकडे वळतो. मुलगा जुन्या पासबुकावर नोंद करून करून थकतो आणि म्हणतो, काम केलं म्हणून शिष्यवृत्ती बंद झाली! ती बंद झालेली नसते, पत्ता बदललेला असतो. नवं खातं उघडताना थेट लाभासाठी कुठलं खातं ठेवायचं, ते बँकेत स्पष्ट सांगावं.

दोन, हजेरी. बहुतेक ठिकाणी ७५ टक्क्यांची अट असते. रात्रपाळी करून सकाळच्या तासाला झोपलेला मुलगा उत्पन्नाच्या रेषेत बसतो, पण हजेरीच्या रेषेतून बाहेर जातो. आणि वर्ष बुडालं, तर पुढची शिष्यवृत्तीही अडते. अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या इंटर्नशिपची हजेरी कंपनीकडून कॉलेजला पोचते की नाही, हे मुलांनी स्वतः बघावं.

तीन, आयकर. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. इंटर्नशिपच्या विद्यावेतनात कामाचा मोबदला असेल, तर ते आपोआप करमुक्त होत नाही. काही कंपन्या त्यातून दहा टक्के कापून घेतात. वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर विवरणपत्र भरून ते परत मिळतात. कर कापला गेला म्हणजे आपण श्रीमंत ठरलो आणि शिष्यवृत्ती गेली, असं नाही. पण ती नोंद सरकारदरबारी राहते, तेव्हा विचारल्यावर 'मी काही कमावलं नाही' असंही म्हणू नये.

इथं मला लपवण्याबद्दल बोललं पाहिजे. आमच्यात हलाल कमाई हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. कष्टाचा पैसा लपवावा लागावा, ही कष्ट करणाऱ्याला लाज आणणारी गोष्ट आहे. रोख मिळणाऱ्या दोन-तीन हजारांची नोंद कुठं नसते, म्हणून मुलं रकान्यात शून्य लिहितात. खोटी माहिती देऊन घेतलेला लाभ वसूल होऊ शकतो आणि पुढची दारं बंद होऊ शकतात. वसतिगृह आणि निर्वाहभत्त्याच्या काही योजनांत तर विद्यार्थी नोकरी-धंदा करत नसावा अशी अटच असते. तिथं लपवणं अधिकच धोक्याचं. पण मला दुःख होतं ते वेगळ्या कारणानं. कित्येकदा खरं लिहिलं असतं, तरी त्यांना लाभ मिळालाच असता. न वाचलेल्या नियमाला घाबरून ती मुलं उगाच खोटी ठरतात.

सरकारची बाजू नाही असं नाही. पैसा मोजका असतो आणि खरा गरजू कोण, हे कुठल्या तरी रेषेनं ठरवावंच लागतं. पण शिकणाऱ्याच्या कमाईकडे कसं बघावं, याची वाट आपल्याच मातीत आखलेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथं एका पंगतीत जेवत आणि आपल्या हातांनी कामं करत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही कमवा आणि शिका या तत्त्वावर. मुलानं काम केलं म्हणून त्याची गरज संपली, असं अण्णांनी मानलं नाही. तो काम करतो यावरूनच त्याची गरज ओळखली.

अमेरिकेत १९६४च्या कायद्यानं 'वर्क-स्टडी' नावाची अशीच योजना आली. गरजू विद्यार्थ्याला काम द्यायचं आणि त्याच्या मजुरीत सरकारनं वाटा उचलायचा. त्या योजनेतली कमाई पुढच्या वर्षाच्या मदतीचा हिशेब करताना विद्यार्थ्याची मिळकत म्हणून धरत नाहीत. तसं नियमातच लिहून ठेवलंय. आपल्याकडे प्रत्येक शिष्यवृत्तीच्या अर्जावर अशी एक ओळ ठळक छापली, की विद्यार्थ्याची अमुक रकमेपर्यंतची कमाई धरली जाणार नाही, तर किती तरी घरांतली झोप परत येईल. तोवर आपण काय करायचं? त्या वर्षीचं परिपत्रक काढायचं, कारण नियम बदलतात. तोंडी उत्तरावर थांबायचं नाही. 'साहेब, हे कुठल्या नियमात आहे?' असं नम्रपणे विचारायचं आणि अर्जाची पोच जपून ठेवायची. हे विचारायला मला १९८८ साली सुचलं नाही, म्हणून आज सांगतोय.

ती मुलगी जानेवारीत पुण्याला गेली. दहा हजारांतले निम्म्याहून जास्त राहण्या-जेवणात जात. कॉलेजच्या कार्यालयात तिनं कंपनीच्या पत्राची प्रत दिली होती, पोचही घेतली होती. फी माफीला काही झालं नाही. परीक्षा झाली, निकाल लागला आणि त्याच कंपनीनं तिला नोकरीवर घेतलं.

परवा ती पेढे घेऊन वाचनालयात आली. बरोबर धाकटा भाऊ होता, नुकताच अकरावीला प्रवेश घेतलेला. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि तिनं पिशवीतून एक कोरा अर्ज काढला.

"चाचा, हा याच्या शिष्यवृत्तीचा. यात आता माझा पगार दाखवायचा का?"

"योजना कुठली आहे? नियम आणलास?" मी विचारलं.

तिनं हसून पिशवीतून दुसरा कागद काढला. छापून, टाचण मारून आणलेला. आम्ही तिघं दिव्याखाली बसलो आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो.